पेशी जगल्या, पण बोलल्या का?

मी आयटीतला सल्लागार, शिक्षण एमबीएचं. पण जर्मनीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की पंगतीत शेजारी मेंदूवर संशोधन करणारं कुणीतरी हमखास भेटतं. त्यांच्याकडून ऐकलेला एक प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवतो. प्रयोगशाळेत न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, वाढवायच्या तर त्यांना खायला काय द्यायचं?

या खाद्याला कल्चर मीडियम म्हणतात. त्यात साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं असतात. सुरुवात फार साधी होती. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रू यांनी कोंबडीच्या भ्रूणातला चेतासंस्थेचा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात काही दिवस जिवंत ठेवला. पुढे मीडियममध्ये सीरम घालू लागले, बहुधा गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं. पण त्याचा प्रत्येक लॉट निराळा. शिवाय त्यावर ग्लिया नावाच्या मदतनीस पेशी भराभर वाढतात. न्यूरॉन काही विभागत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांनीच घर भरावं तशी गत होते!

यावर १९७९ मध्ये बॉटनस्टाइन आणि सातो यांनी सीरमशिवायची पाककृती दिली. १९९३ मध्ये ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी न्यूरोबेसल मीडियम आणि बी-२७ हे पूरक मिश्रण यांची जोडी मांडली. न्यूरॉन छान जगू लागले.

पण जगणं वेगळं आणि काम करणं वेगळं. न्यूरॉनचं काम म्हणजे एकमेकांना विजेचे संदेश देणं. ते ऐकण्याची पॅच क्लॅम्प ही पद्धत आपल्या ग्योटिंगनमध्ये नेहर आणि झाकमान यांनी शोधली आणि १९९१ चं नोबेल मिळवलं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेच्या गटाने दाखवलं की प्रचलित मीडियममध्ये हे संदेश दबतात. त्यांनी ब्रेनफिज हे नवं मीडियम तयार केलं. दोन्हींतली साखर बघा. न्यूरोबेसलमध्ये १०० मिलिलिटरला सुमारे ४५० मिलिग्रॅम, ब्रेनफिजमध्ये सुमारे ४५. आपली उपाशीपोटीची साखर १२६ आली तरी डॉक्टर भुवया उंचावतात!

यात बिघडतं काय? समजा, फिट्स थांबवणारं औषध तपासायचं आहे. पेशी मीडियममुळेच गप्प असतील, तर औषधाने त्या शांत झाल्या की आधीपासूनच मुक्या होत्या, हे कसं कळणार? त्या उत्तरावर उद्या कुणा पेशंटची आशा टांगलेली असते.

म्हणून तुमच्या घरातलं कुणी इथे या विषयात मास्टर्स किंवा पीएचडी करत असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर निवडण्याआधी गरज लिहून काढतात, तसंच करा. पेशी कुणाच्या, उंदराच्या की माणसाच्या मूलपेशींपासून केलेल्या? ग्लिया हवेत की नकोत? मोजायचंय काय, पेशींची वाढ की त्यांचे संदेश? दोन मीडियम शेजारी शेजारी लावून बघा. लॉट नंबर वहीत लिहा. आणि प्रयोग अर्ध्यावर असताना मीडियम बदलू नका. बदललं तर तुलना पुन्हा पहिल्यापासून.

‘सगळे हेच वापरतात’ हे कारण सोयीचं आहे, पण तुमचा प्रश्न सगळ्यांचा नसतो. भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार, च्यूस!