मूठभर आनंद

सुखाचा विचार मनात आला की माणसाची दृष्टी बहुधा दूरवर जाते. मोठे घर, वरचा हुद्दा, मुलांची भरभराट यांवर सुख अवलंबून आहे असे तो समजतो. आणि ते हाती येईपर्यंतचे दिवस कसेबसे ढकलायचे असतात, अशी त्याची धारणा होऊन बसते. वस्तुतः आयुष्याचा बहुतेक भाग या ढकललेल्या दिवसांचाच असतो. म्हणून त्या दिवसांत आनंद कोठे सापडतो, हा प्रश्न क्षुल्लक मानता येत नाही. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुस्तक, हाताने केलेली वस्तू, गाणे आणि दान ही चार ठिकाणे बहुतेक प्रत्येक गावात असतात.

प्रथम पुस्तकाकडे वळू. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुले वाचायला शिकली. पण शाळा सुटल्यावर त्यांनी वाचायचे काय? वाचायला काही नसेल तर शिकलेली अक्षरे पाच-सात वर्षांत पुसून जातात. हे ओळखून महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. त्यांच्या स्वतःच्या संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ सर्वांसाठी खुले झाले. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. गावातील एखादा जबाबदार गृहस्थ ती पेटी सांभाळी, आणि काही काळाने ती परत जाऊन तिच्या जागी दुसरी येई. अशी पेटी उघडली जाताना भोवती जमलेल्या मुलांची कल्पना करून पाहावी. त्या पुस्तकांपैकी एकही त्यांच्या मालकीचे नव्हते, तरी ती सारी त्यांची होती.

फिरत्या पुस्तकाची गोडी निराळीच असते. त्याच्या कडा मऊ झालेल्या असतात. कोणी एखाद्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढलेली असते. ग्रंथपाल त्यावर रागावेल आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रेघेपाशी नव्या वाचकाला क्षणभर सोबत मिळते. याच ओळीवर पूर्वी कोणीतरी थांबले होते, एवढे त्याला कळते.

आता हाताने केलेली वस्तू. गोधडी, वाकळ, कवंदी अशी प्रांतागणिक तिची नावे बदलतात. उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांपैकी कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. या समाजात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि तिन्ही धर्मांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने टाके घालीत त्या आत सरकतात आणि शेवटी मध्यावर येऊन पोचतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवितात. त्या घड्यांना त्या फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, अशी त्यांची समजूत आहे. थंडी त्या फुलांनी अडत नाही. ऊब येते ती थरांतून. तरीही फाटके लुगडे आणि विटका सदरा यांतून पांघरूण करणारी बाई, दिवसभराच्या कष्टानंतर, ती चार फुले गाळीत नाही. गरिबीत सौंदर्याला जागा नसते असे म्हणणाऱ्याने तो कोपरा एकदा नीट पाहावा.

तिसरे स्थान गाण्याचे. बाजाची पेटी परदेशातून आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले, आणि ती आमच्या माजघरात येऊन बसली. जाणकारांना तिचे वावडे होते. तिचे स्वर ठरलेले असतात, त्यांतून मींड निघत नाही, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. १९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. परंतु घराघरांतील आणि देवळांतील भजनाला त्या बंदीची झळ पोचली नाही. तेथे पेटीकडून मींडेची अपेक्षा नव्हती. चार अशिक्षित गळे एका सुरात आणण्यास तिने हात दिला, तर पुष्कळ होते. गोव्यात वास्को येथील दामोदराचा भजनी सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. श्रावणात चोवीस तास अखंड भजन होते, आणि निरनिराळ्या समाजांचे लोक पाळीपाळीने ते पुढे चालवितात. पहाटे तीनची पाळी ज्यांच्याकडे येते, त्यांना ऐकायला गर्दी नसते. तरीही भजन थांबत नाही, कारण ते आपल्यापाशी थांबू नये अशी प्रत्येकाची इच्छा असते.

येथे दानाचा प्रश्न येतो. पोर्तुगीज राजवटीत, १९०८ साली, मराठी शिक्षणासाठी पणजीत ‘मुष्टिफंड’ ही संस्था उभी राहिली. मुष्टी म्हणजे मूठ. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यांतला मूठभर बाजूला ठेवायचा, ही त्या नावामागची कल्पना. दूर ईशान्येस मिझोराममध्येही विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ख्रिस्ती कुटुंबांत हीच रीत आहे; तेथील गृहिणी प्रत्येक जेवणाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळा काढतात. दोन प्रदेशांमध्ये शेकडो कोसांचे अंतर, भाषा निराळ्या. पण मूठ तीच. मूठभर तांदळाने घरातले कोणी उपाशी राहत नाही. श्रीमंताची मूठ गरिबाच्या मुठीहून फारशी मोठी नसते. म्हणून हे दान देताना कोणाची मान खाली जात नाही आणि कोणाची ताठही होत नाही.

यावर कोणी विचारील, की शाळा आणि ग्रंथालये चालविणे हे सरकारचे काम. गरिबाच्या डब्यात हात का घालावा? प्रश्न रास्त आहे. बडोद्याची व्यवस्था याचे उत्तर देते. गावाने ग्रंथालयासाठी ठरलेली रक्कम जमविली, की तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असा तेथे नियम होता. दोन तृतीयांश भार वरून येई. पण पहिली मूठ गावाची असे. फुकट मिळालेली पेटी सरकारची राहते. जिच्यात आपले चार आणे आहेत तिची किल्ली हरवली, तर सारे गाव शोधू लागते.

आज वाचन, गाणे आणि पांघरूण यांतले काहीही घरबसल्या मागविता येते. पुस्तक आणि गाणे तर खिशातल्या यंत्रातच असते. ही सोय वाईट नाही. आजारी माणसाला आणि एकाकी वृद्धाला तिचा मोठाच आधार आहे. परंतु तिच्यात आपली मूठ कोठेच नसते. आपण घेतले नाही तरी तिचे काही अडत नाही. याउलट, महाराष्ट्राच्या सीमेबाहेरचे मराठी ग्रंथालय किंवा भजनमंडळ वर्गणीदारांवर आणि चार नेमाने येणाऱ्या माणसांवर तगलेले असते. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. दीडशेहून अधिक वर्षांच्या या काळात वर्गणी भरणारे किती आले आणि गेले, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. अशी संस्था एका दिवसात बंद पडत नाही. प्रथम एक कपाट उघडेनासे होते, मग संध्याकाळचा दिवा लवकर मालवतो, आणि एके वर्षी वर्गणी मागायला कोणी येत नाही. त्या दिवशी गावाला फारसे काही जाणवतही नाही. जाणवते ते दहा वर्षांनी, मुलांना मराठी पाटी वाचता येत नाही तेव्हा.

म्हणून श्रोतेहो, या आठवड्यात गावातील वाचनालयाची पायरी एकदा चढावी. थकलेली वर्गणी असल्यास भरावी, आणि बरोबर घरातले एक मूल न्यावे. पुस्तक कोणते घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्यावे.