इंजिनाचा श्वास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातील अशा व्यासपीठांवर धर्म, इतिहास, अर्थकारण यांवर पुष्कळ बोलले गेले. ट्रकच्या हवेच्या नळीवर बोलण्याचे धाडस मात्र आमच्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाच्याच वाट्याला यायचे होते. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी आम्हांस दोनदा विचारून घेतले. पण कोरपन्याच्या माणसाने विषय शोधायला दूर कशाला जावे? १९८० च्या दशकात या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. गडचांदूर, आवारपूर, नांदा ही नावे तेव्हापासून ट्रकच्या चाकांशी बांधली गेली. आत कोळसा जातो, बाहेर सिमेंट येते, आणि रस्त्याकडेच्या कपाशीवर धुळीचा थर बसतो. ही धूळ आपण रोज पाहतो. ती इंजिनात आणि माणसात कशी शिरते, एवढेच आज सांगायचे आहे.

आमचे शिक्षण गॅरेजात झाले. आधी क्लीनर, मग उस्तादाच्या हाताखाली पाने देणारा पोऱ्या, मग मिस्त्री, आणि शेवटी संघटनेचा कार्यकर्ता. त्यामुळे पुस्तकी भाषा आमच्याजवळ नाही. पण एक हिशेब आम्ही पुढे पुस्तकातून शिकलो, तो ऐका. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात इंजिन त्याच्या दीडपट किंवा अधिकच ओढते. आणि माणूस दिवसभरात किती हवा घेतो? तीही साधारण दहा-बारा हजार लिटरच. म्हणजे एक लिटर डिझेल जळते तेव्हा एका माणसाच्या दिवसाचा श्वास इंजिन गिळते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. पुढे १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना सोपी आहे. धूर बाहेर जाताना वाया जाणारा त्याचा जोर एका चक्रावर घ्यायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला वाटेत इंटरकूलरच्या जाळीतून नेऊन गार करतात.

आता नळीकडे वळू. तिचे दोन भाग ध्यानात ठेवा. बाहेरून फिल्टरमार्गे टर्बोपर्यंत जाते ती ओढीची नळी. टर्बोपासून इंटरकूलरमार्गे इंजिनापर्यंत जाते ती दाबाची नळी. दाबाच्या नळीला चीर पडली, तर हवा बाहेर पळते. गाडी सू-सू आवाज करते, चढावर दम सोडते, काळा धूर मारते. ड्रायव्हरला लगेच कळते. ओढीच्या नळीला चीर पडली, तर काहीच कळत नाही. उलट गाडी जरा मोकळी धावते! कारण ती फिल्टरला वळसा घालून कच्ची हवा ओढत असते. त्या हवेबरोबर धूळ आत जाते. चुनखडीची धूळ मऊ असते, पण रस्त्याच्या मातीतला वाळूचा कण साध्या पोलादाहूनही कठीण. तो आधी टर्बोच्या पात्यांच्या कडा खातो, मग लाइनर आणि रिंगा घासतो. मग इंजिन ऑइल पिऊ लागते, आणि एके दिवशी बसते.

नळीत सुधारणा करूच नये काय? हवा सुखाने आत गेली तर लाभ आहे, हे खरे. शंभर मिलिमीटरच्या जागी एकशेदहा मिलिमीटरची नळी घेतली, तर तोंडाचे क्षेत्र एकवीस टक्क्यांनी वाढते आणि नळीतला अडथळा तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटतो. काटकोनी वळणाऐवजी मोठे गोल वळण असावे. आणि हवा बॉनेटखालची गरम नव्हे, बाहेरची घ्यावी. वीस अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा आठ टक्क्यांनी विरळ असते. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला, त्याला हे वेगळे सांगायला नको. पण फिल्टरच धुळीने तुंबला असेल, तर नळी रुंद करून काय उपयोग? हवेची वाट तिच्या सर्वांत अरुंद जागेइतकीच मोकळी असते. शिवाय नुसत्या जादा हवेने ताकद वाढत नाही. म्हणून काही मिस्त्री पंपाचे डिझेल वाढवतात. मग धूर तापतो, टर्बो भाजतो आणि मालकाचा डिझेलचा खर्च चढतो. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या अनेक गाड्यांत नळीतच हवा मोजणारा सेन्सर असतो. तिथे हात घातला की सारा हिशेब चुकतो. नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, तेही विसरू नये.

हे शहाणपण आम्हांस फुकट मिळालेले नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी टर्बोच्या गाड्या आमच्या गॅरेजात नव्या होत्या. कोळशाच्या खेपा करणारा एक ड्रायव्हर आला. म्हणाला, "मिस्त्री, भरल्या गाडीला दम नाही. दिवसाची एक खेप कमी पडते." खेपेवर पैसे होते, आणि घरी बहिणीचे लग्न होते. आम्ही तरुण होतो, हुशारी दाखवायची हौस होती. वळणाची रबरी नळी काढून टाकली, लोखंडी पाइपाचा सरळ तुकडा बसवला. सांध्याला जुनी ट्यूब गुंडाळून वर क्लिपा आवळल्या. गाडी पळाली. त्याने आम्हांस चहा पाजला.

अडीच महिन्यांत इंजिन बसले. खोलले तेव्हा टर्बोची पाती करवतीसारखी झाली होती, आणि सांध्याच्या ट्यूबला बोटभर चीर होती. त्यातून धूळ गेली होती. आम्ही ती चीर पाहिली, आणि ट्यूब खिशात घातली. मालकाने दोष ड्रायव्हरवर ठेवला. "फिल्टर झटकत नव्हता," असे ठरले, आणि वर्षभर त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. आम्ही समोर उभे होतो. एक शब्द बोललो नाही. बहिणीचे लग्न पुढे ढकलले गेले, हे आम्हांस मागाहून कळले. पुढे संघटनेत आल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं."

त्या वाक्यानंतर आम्ही कायदा वाचायला घेतला. नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे १९३६ च्या वेतन कायद्यात होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण बाजू मांडायला कागद लागतो. म्हणून आम्ही ड्रायव्हरांना सांगतो, गाडीत एक वही ठेवा. फिल्टर कधी साफ केला, कधी बदलला, नळीला कोणी हात लावला, हे तारखेनिशी लिहा आणि मालकाची सही घ्या. फिल्टरच्या डब्यावर निदर्शक असेल आणि त्याची लाल पट्टी दिसू लागली, तर गाडी उभी करा. फिल्टर जमिनीवर आपटू नका, त्याचा कागद फाटतो. सांध्यांवरून रोज सकाळी हात फिरवा. फिल्टरच्या पुढच्या नळीत आत बोट फिरवून पाहा. बोटाला धूळ लागली, तर चीर कुठेतरी आहेच. मालकांनाही आमची विनंती आहे, की खेपेचा दर असा ठरवा की ड्रायव्हरला गाडीचा गळा कापून दम वाढवावा लागू नये.

शेवटी एकच गोष्ट. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा एकात एक असे दोन फिल्टर असतात. बाहेरचा फाटला तर आतला इंजिन वाचवतो. ज्याने ती योजना केली, त्याने इंजिनाचा चांगला विचार केला. पण कोळशाच्या ढिगाशेजारी रांगेत तासन्‌तास बसणारा ड्रायव्हर, फळीवरून पोती चढवणारा हमाल, आणि रस्त्याकडेला निंदणी करणारी बाई, यांच्या नाकापुढे पदराखेरीज काही नाही. इंजिन बसले तर नवे बसवता येते. म्हणून रस्त्यावर पाणी मारणे, गाडीवर ताडपत्री घट्ट बांधणे, रांगेत थांबणाऱ्यांना सावलीची बंद जागा देणे, या मागण्या आम्ही करतो. त्या केवळ ड्रायव्हरांच्या आहेत असे समजू नका. सभा संपल्यावर आपण सर्व याच रस्त्याने घरी जाणार आहोत.