लॉगरिथम आणि ताळा

बीजगणिताचें नांव काढलें कीं पुष्कळांना परीक्षा आठवते. आणि परीक्षा संपली म्हणजे त्याचा संसाराशीं संबंध संपला, असा समज असतो. तो कितपत खरा, हें पाहण्यासाठीं आपण अंधेरी-बोरिवलीच्या अथवा घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याहि पोस्टांत जाऊं. तेथें किसान विकास पत्र मिळतें. एप्रिल २०२३ मध्यें त्याचा दर शेंकडा साडेसात ठरला, आणि रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होईल असें जाहीर झालें. हे ११५ आले कोठून?

सरळ व्याज असतें तर १६० महिने लागते. चक्रवाढींत मात्र रकमेला दर वर्षीं १.०७५ नें गुणावयाचें असतें. असें किती वेळां गुणलें म्हणजे २ येतील? येथें अज्ञात संख्या घातांकाच्या जागीं जाऊन बसली आहे. तिला खालीं उतरविण्याचें साधन म्हणजे लॉगरिथम. जॉन नेपियर यानें तें १६१४ सालीं प्रसिद्ध केलें. दहाच्या पायावर २ चा लॉगरिथम ०.३०१० आणि १.०७५ चा ०.०३१४. पहिल्यास दुसऱ्यानें भागलें कीं सुमारें ९.५८६ वर्षें, म्हणजेच ११५ महिने येतात.

आतां ताळा पाहूं. हजार रुपयांचे नऊ वर्षांअखेर १,९१७ आणि दहा वर्षांअखेर २,०६१ होतात. दोन हजारांचा मुक्काम या दोहोंच्या मध्येंच आहे. हिशेब पटला.

परंतु ताळ्याचें खरें महत्त्व कळतें तें अज्ञात संख्या लॉगरिथमच्या पोटांत असते तेव्हां. ‘क्ष’ आणि ‘क्ष उणे ३’ यांच्या लॉगरिथमांची बेरीज १ आहे, असें समजा. लॉगरिथमांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉगरिथम, आणि १ हा १० चा लॉगरिथम. म्हणून त्या दोन संख्यांचा गुणाकार १० झाला. या वर्गसमीकरणाचीं उत्तरें ५ आणि उणे २. विद्यार्थी दोन्ही लिहून मोकळा होतो. पण उणे २ मूळ समीकरणांत घालून पाहा: उणे २ आणि उणे ५ यांचे लॉगरिथम घ्यावे लागतात, आणि शाळेच्या गणितांत ऋण संख्येला लॉगरिथमच नाहीं! दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन होतो, त्या आडोशानें हें खोटें उत्तर आंत शिरलें. बेरजेवरून गुणाकारावर जातां येतें. त्याच वाटेनें परततां येईलच, असें नाहीं. म्हणून शेवटचा न्याय मूळ समीकरणाचा. ५ टिकतात, उणे २ टिकत नाहींत.

हीच संवय घरच्या व्यवहारांतहि ठेवावी. ‘पांच वर्षांत दुप्पट’ असें कोणी दारीं येऊन सांगितलें, तर ०.३०१० ला पांचांनीं भागावें. ०.०६०२ येतात, हा सुमारें १.१४९ चा लॉगरिथम. म्हणजे शेंकडा जवळजवळ पंधरा व्याज पांचहि वर्षें न चुकतां मिळालें पाहिजे. पोस्टाच्या त्या दराच्या हें जवळजवळ दुप्पट. एवढें उत्पन्न कोणत्या धंद्यांतून येणार, हें त्या गृहस्थांना विचारावें, आणि उत्तराचा ताळा पटेपर्यंत पैसे हातचे सोडूं नयेत.