समज, ताकीद आणि सभासदाचा सन्मान



जेथे संस्था आहे तेथे नियमावली आहे, आणि जेथे नियमावली आहे तेथे नियमभंगही केव्हा ना केव्हा घडणारच. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेच्या इतिवृत्ताची जुनी पाने चाळली, तर वर्गणी थकविणारा, सभेत वेळेचे भान न ठेवणारा, सभागृह ठरल्या वेळेला रिकामे न करणारा, पुराव्यावाचून कार्यकारिणीवर आरोप करणारा असा कोणी ना कोणी सभासद प्रत्येक पिढीत भेटतो. त्यात नवल काहीच नाही. मात्र पुष्कळदा संस्थेची हानी मूळ चुकीपेक्षा ती चूक दाखविण्याच्या रीतीनेच अधिक होते. चारचौघांत एखादा शब्द कठोरपणे उच्चारला जातो, दोन घराण्यांचे येणे-जाणे थांबते, आणि काही वर्षांनी मूळ नियम कोणता होता हे कुणाच्या स्मरणातही राहत नाही. म्हणूनच नियम मोडणाऱ्या सभासदाला समज कशी द्यावी, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक संस्थेने शांतपणे विचारात घेण्यासारखा आहे.

मराठी भाषेने या कार्यासाठी निरनिराळे शब्द राखून ठेवले आहेत. समज, कानउघाडणी, ताकीद, तंबी ही एकाच अर्थाची चार रूपे नव्हेत. त्या चढत्या पायऱ्या आहेत. ‘ताकीद’ हा अरबी भाषेतून आलेला शब्द असून ‘ठासून सांगणे’ हा त्याचा मूळ भाव आहे. ‘समज देणे’ या शब्दप्रयोगात तर शिक्षेचा लवलेशही नाही. ज्याला एखादी गोष्ट उमगलेली नाही त्याला ती उमजवून देणे, एवढाच त्याचा अर्थ. पहिली पायरी समजेची आणि शेवटची दुराव्याची, हा क्रम भाषेनेच घालून दिलेला आहे. मधल्या पायऱ्या गाळून एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेण्याचा मोह मात्र अधिकारपदावरील व्यक्तीला वारंवार होतो.

हा मोह आवरण्यासाठी पायऱ्यांची रचना किती काटेकोरपणे करता येते, याचा उत्तम पाठ लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत सापडतो. सभागृहातील गदारोळाची दृश्ये सर्वांनी पाहिलेली असतात. त्यामागील नियम मात्र फार थोड्यांनी वाचलेले असतात. एखादा सदस्य विषय सोडून बोलू लागला किंवा तेच ते पुन्हा सांगू लागला, तर नियम ३५६ प्रमाणे अध्यक्ष प्रथम ती गोष्ट सभागृहाच्या लक्षात आणून देतात, आणि त्यानंतरच भाषण थांबविण्यास सांगू शकतात. एखादा शब्द असभ्य किंवा बदनामीकारक असेल, तर नियम ३८० प्रमाणे तो शब्द कामकाजातून वगळला जातो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की शब्द बाहेर जातो. सदस्य आपल्या जागेवरच राहतो.

वर्तन अधिकच बिघडले, तर नियम ३७३ प्रमाणे अध्यक्ष त्या सदस्याला सभागृहाबाहेर जाण्यास सांगतात, परंतु केवळ त्या दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी त्याचे आसन त्याची वाट पाहत असते. याहीपुढची पायरी नियम ३७४ मध्ये आहे. सदस्याने पीठाचा अधिकार जुमानला नाही, किंवा हेतुपुरस्सर व सतत कामकाजात अडथळा आणला, तर अध्यक्ष त्याच्या नावाचा उच्चार करतात. त्यानंतर निलंबनाचा प्रस्ताव मांडला जातो आणि त्याचा निर्णय सभागृह करते. ते निलंबन चालू अधिवेशनाच्या उर्वरित काळापलीकडे जाऊ शकत नाही, आणि सभागृहाला वाटले तर ते कोणत्याही वेळी मागे घेता येते. अध्यक्षांच्या आसनापुढील मोकळ्या जागेत धाव घेण्यासारख्या गंभीर प्रसंगांसाठी डिसेंबर २००१ मध्ये नियम ३७४-अ जोडण्यात आला. त्यानुसार अध्यक्षांनी नाव उच्चारताच निलंबन आपोआप लागू होते; पण तेथेही सलग पाच बैठका किंवा अधिवेशनाचा उर्वरित काळ, यांपैकी जो कमी असेल तोच कालावधी ठरविलेला आहे.

नाव उच्चारणे हीच शिक्षा कशी, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. ही प्रथा ब्रिटिश संसदेतून आलेली आहे. तेथील कॉमन्स सभागृहात सदस्याचा उल्लेख नावाने न करता मतदारसंघाने करतात. त्यामुळे अध्यक्षांनी एखाद्याचे नाव घेणे हाच मोठा ठपका मानला जातो. त्यानंतर निलंबन झाले, तर पहिल्या खेपेला पाच बैठकांचे आणि दुसऱ्या खेपेला वीस बैठकांचे, अशी चढती श्रेणी तेथे आहे. ज्या सभेत सदस्याचा मान सर्वसाधारणपणे राखला जातो, त्या सभेत नुसते नाव घेतले तरी पुरते. जेथे रोजच कोणाचा ना कोणाचा उद्धार होतो, तेथे सर्वांत कडक शब्दालाही धार उरत नाही. १५ मार्च १९८९ रोजी लोकसभेत एकाच दिवशी ६३ सदस्य निलंबित झाले. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात लोकसभा व राज्यसभा मिळून निलंबितांची संख्या १४६ वर गेली. त्या-त्या वेळच्या राजकारणात न शिरताही एवढे म्हणता येते, की इतक्या मोठ्या संख्येत वैयक्तिक समजेला जागाच राहत नाही.

महाराष्ट्राच्या विधानसभेतील एक प्रकरण तर या विषयावरील धडाच मानावे लागेल. ५ जुलै २०२१ रोजी पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्याचा ठराव संमत झाला. ते पावसाळी अधिवेशन अवघ्या दोन दिवसांचे होते. विधानसभेच्या नियम ५३ प्रमाणे बेशिस्त वर्तन करणाऱ्या सदस्याला अध्यक्ष त्या दिवसापुरते बाहेर जाण्यास सांगू शकतात, आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसा प्रसंग आला तर फार तर अधिवेशन संपेपर्यंत दूर ठेवू शकतात. ठराव मात्र वर्षभराचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य ठरविले.

न्यायालयाची कारणमीमांसा प्रत्येक संस्थाचालकाने मनन करावी अशी आहे. सभागृहाला शिस्त राखण्याचा अधिकार आहे हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्या अधिकाराचा हेतू चालू अधिवेशनाचे कामकाज सुरळीत व्हावे एवढाच आहे, हे स्पष्ट केले. सदस्याची हकालपट्टी झाली तर ती जागा रिक्त होते आणि कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिक्तही होत नाही आणि प्रतिनिधीही बोलू शकत नाही. म्हणजे ही शिक्षा हकालपट्टीहूनही जड, आणि ती भोगावी लागते मतदारसंघातील निरपराध जनतेला. शिवाय काठावरचे बहुमत असलेल्यांना विरोधकांची संख्या घटविण्याचे हे साधन होऊ शकेल, हा धोकाही न्यायालयाने दाखवून दिला. शिक्षा चुकीच्या मापात असावी, मुदतीत असावी आणि तिचा ताप दुसऱ्या कोणाला होऊ नये, ही तीन सूत्रे या निकालातून हाती येतात.

छोट्या संस्थांनाही ही सूत्रे तंतोतंत लागू पडतात. एखाद्या सभासदाने वर्गणी थकविली म्हणून त्याच्या मुलाला शिष्यवृत्ती नाकारणे, त्याच्या वृद्ध आईला कार्यक्रमाचे निमंत्रण न देणे, ही शिस्त नव्हे. ती निरपराध्याला दिलेली शिक्षा आहे. आणि समाजाने एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडणे हा तर महाराष्ट्रात गुन्हाच आहे. सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून राज्यात अमलात आला असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सहकारी संस्थांच्या बाबतीत १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ३५ तितकेच सावध आहे. सभासदाला काढून टाकायचे तर त्यासाठी खास बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर सभासदांचे तीन-चतुर्थांश मताधिक्य लागते, त्या सभासदाला आपली बाजू सभेपुढे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि निबंधकांच्या मान्यतेवाचून ठराव अमलात येत नाही. विश्वस्त संस्थांचे नियम निराळे असले, तरी बाजू ऐकून घेतल्यावाचून दोष ठरवू नये, हे तत्त्व सर्वत्र एकच आहे.

या सर्वांचा सारांश व्यवहारात कसा उतरावा? प्रथम समज द्यावी ती एकांतात, आणि जो त्या सभासदाच्या आदरास पात्र आहे त्याने द्यावी. ज्याच्याशी त्याचा वाद आहे, त्याने ते काम अंगावर घेऊ नये. समज देताना कृती आणि नियम यांचा नेमका निर्देश असावा. “आपले वागणे संस्थेला शोभत नाही” या वाक्याने माणूस दुखावतो, पण त्याला काय सुधारावे हे कळत नाही. “काका, सभागृह दहा वाजता रिकामे करायचे असते, गेल्या दोन्ही वेळा अकरा वाजले, आणि पहारेकऱ्याला थांबावे लागले,” असे म्हटल्याने गोष्ट स्पष्टही होते आणि मानही राहतो. यानंतर त्याला बोलू द्यावे. पुष्कळदा नियम माहीत नसतो, किंवा अडचण खरी असते, आणि प्रकरण तेथेच मिटते.

तेवढ्याने भागले नाही, तरच लेखी ताकीद द्यावी. तीत तारीख, घटना, नियमाचा क्रमांक, उत्तरासाठी पुरेशी मुदत आणि पुन्हा तसे घडल्यास काय होईल, एवढेच असावे. पूर्वीच्या भांडणांची उजळणी किंवा स्वभावाची चिकित्सा तीत नसावी. पत्राची भाषा मोठा देणगीदार आणि सामान्य सभासद या दोघांसाठी एकच असावी. कापड मोजणारा गज गिऱ्हाईक पाहून लांब-आखूड होऊ लागला, तर त्या पेढीवर कोणी पाय ठेवत नाही; नियमाचेही तसेच आहे. यापुढील निर्णय एका व्यक्तीने न घेता कार्यकारिणीने किंवा सर्वसाधारण सभेने घ्यावा, आणि त्याला ठरावीक मुदत असावी.

शेवटची पायरी बहुतेक संस्था विसरतात. मुदत संपली की प्रकरणही संपले पाहिजे. जैन परंपरेने या गोष्टीचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रातील प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांचा आरंभ आलोचनेने, म्हणजे स्वतःचा दोष गुरूंपुढे सरळपणे सांगण्याने होतो. पुढे काही काळ संघापासून दूर ठेवणारा परिहार येतो. परंतु यादी तेथे संपत नाही. ती संपते उपस्थापनेवर, म्हणजे व्रतांत पुन्हा स्थापन करण्यावर. हा क्रम साधुजीवनासाठी सांगितलेला असला, तरी संस्थाचालकांना त्यातून दिशा मिळते. दूर ठेवण्याची तरतूद ज्या नियमावलीत आहे, तिच्यात परत घेण्याची तरतूदही असावी. ज्या दिवशी मुदत संपेल, त्या दिवशी त्या सभासदाला पुढच्या कार्यक्रमाचे निमंत्रण हस्ते-परहस्ते न पाठविता पदाधिकाऱ्याने स्वतः नेऊन द्यावे, आणि जुन्या गोष्टीचा उल्लेख पुन्हा सभेत होऊ देऊ नये.

पन्नास वर्षांत उभारलेली वास्तू, जमलेला निधी आणि मिळालेला लौकिक यांचा हिशेब स्मरणिकेत छापता येतो. एकदा चुकलेला सभासद पुन्हा आपल्या जागी येऊन सन्मानाने बसला, या गोष्टीची नोंद कोठेही होत नाही. परंतु पुढील पन्नास वर्षांचा पाया तीच घालते. संस्थेच्या सर्व आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या हातून अशा नोंद न होणाऱ्या गोष्टी अधिकाधिक घडोत, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र.