हृदयाचा जंतुरोग आणि आमची चूक
(शेवगाव येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या मंगलप्रसंगी रोगाची कथा सांगावी, हे कित्येकांस रुचणार नाही. तथापि गतवर्षी आमच्या घरी जे घडले ते आपल्यापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या पुतण्यास ताप येऊ लागला. घरात उरलेल्या गोळ्या आम्हीच त्यास दिल्या व ताप उतरताच थांबविल्या. असे दोनदा झाले. पुढे नगरच्या डॉक्टरांनी निदान केले, की जंतू रक्तावाटे हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले आहेत. आमच्या गोळ्यांमुळे रक्ताच्या पहिल्या तपासणीत ते उगवलेच नाहीत, आणि मोलाचे दिवस वाया गेले.

पेनिसिलिनपूर्वी हा रोग बहुधा प्राणघातकच ठरे. त्या औषधाने युग पालटले. १९५४ साली आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. परंतु अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. १९५९ साली मेथिसिलिन आले आणि १९६१ साली त्यासही न जुमानणारा स्टॅफिलोकोकस इंग्लंडात आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

अशा जंतूवर व्हँकोमायसिन शिरेतून देतात. त्याने मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण मोजीत राहावे लागते. ते न मानवल्यास डॅप्टोमायसिनचा पर्याय आहे; मात्र फुफ्फुसातील द्रवाने ते निष्प्रभ होत असल्याने न्यूमोनियावर चालत नाही. एंटेरोकोकस नामक जंतूवर जेंटामायसिन चालेनासे झाले, तर अँपिसिलिन व सेफ्ट्रायाक्सोन यांची जोडी देतात. एकट्या सेफ्ट्रायाक्सोनला तो जंतू दाद देत नाही, पण जोडीने कार्य साधते. उपचार बहुधा चार ते सहा आठवडे चालतात; काहींस शस्त्रक्रियाही लागते.

आमच्या पुतण्याचेही औषध मध्येच बदलावे लागले. सहा आठवड्यांनी तो घरी आला. परंतु झडप गळकी राहिली ती राहिलीच.

म्हणून विनंती इतकीच, की उरलेल्या गोळ्या कोणास देऊ नयेत, डॉक्टरांनी सांगितलेला क्रम अर्धवट सोडू नये, आणि ज्यांच्या झडपा अधू आहेत त्यांनी दातांची निगा राखावी व ताप रेंगाळल्यास औषधापूर्वी रक्त तपासावे. सहा आठवडे रुग्णालयात राहणे गरीब कुटुंबास झेपत नाही. त्यासाठी ज्ञातीने साहाय्यनिधी उभारावा. त्यात पहिली वर्गणी आमची घ्यावी, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.