“काही नाही, घरीच होते”

मी इंदूरची. २०१२ साली अकाउंट्सची नोकरी सोडली, तेव्हा व्हॅट होता. दोन मुलं वाढवून अकरा वर्षांनी परतले, तर जीएसटी! मुलाखतीत विचारलं, “इतकी वर्षं काय केलंत?” मी म्हणाले, “काही नाही, घरीच होते.” नोकरी मिळाली नाही. त्यांच्या नकारापेक्षा माझंच उत्तर जिव्हारी लागलं.

मग निम्म्या वयाच्या मुलांसोबत टॅलीच्या क्लासला बसले. आज एका सीएंच्या ऑफिसात दर महिन्याला ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३बी मी भरते. पगार जुन्यापेक्षा कमी आहे, पण सुरुवात झालीय.

मैत्रिणींनो, राहिलंय ते शिका. पण “काही नाही” म्हणू नका.