मनोरुग्णांच्या दिनचर्येची पारख

ज्वारीच्या पिठाची एक भाकरी करावयास किती बुद्धि लागते, असा प्रश्न कोणी विचारला तर मराठवाड्यांतील कोणतीही गृहिणी हंसेल. पाणी ऊन करावयाचें, परातींत पीठ घेऊन मळावयाचें, त्याला पुरेशी चिकाटी आली कीं नाहीं तें बोटांनींच ओळखावयाचें; मग भाकरी थापून तव्यावर टाकावयाची, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावयाचा, तें पाणी पुरतें सुकण्याच्या आंत ती उलटावयाची आणि शेवटीं निखाऱ्यावर फुगवावयाची. हीं सारीं कामें तिचे हात आपोआप करीत असतात. मन त्या वेळीं मुलाच्या शाळेंत किंवा शेतांतल्या तुरींत असतें. परंतु तेंच मन आजारी पडलें म्हणजे या साध्या कामाचे सारे सांधे एकाएकीं उघडे पडतात. कोणाला आरंभच करवत नाहीं. कोणी पीठ मळून परातीकडे पाहत तशीच बसून राहते. कोणाची भाकरी करपून काळी होते, घरभर धूर होतो, तरी तिचें तिकडे लक्ष जात नाहीं. कोणी तवा तापला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यावर सरळ हात ठेवते. या चौघींच्या आजाराचें नांव डॉक्टरांच्या कागदावर एकच असूं शकेल. पण त्यांच्यापैकीं कोणाला घरीं एकटें ठेवतां येईल आणि कोणाला नाहीं, हें त्या नांवावरून कळणार नाहीं, भाकरीवरून कळेल.

मनोरुग्णांच्या बाबतींत व्यवसायोपचारतज्ज्ञाचें जें काम असतें, त्याचा मोठा भाग म्हणजे ही पारख होय. व्यवसाय हा शब्द येथें थोडा फसवा आहे. धंदा किंवा नोकरी एवढाच त्याचा अर्थ नव्हे. सकाळीं उठून तोंड धुण्यापासून रात्रीं अंथरूण घालण्यापर्यंत माणूस ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो, त्या सर्वांचा समावेश या शब्दांत होतो. रोग्यांना कामांत गुंतवावें ही कल्पना हिंदुस्थानांत तशी जुनी आहे. रांची येथील युरोपियनांच्या मनोरुग्णालयांत ओवेन बर्कले-हिल यांनीं १९२२ सालीं तिची व्यवस्थित सुरुवात केली. मात्र या विद्येचें रीतसर शिक्षण देणारी शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं निघाली, आणि ती काढण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांचें. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाई विवाहानें महाराष्ट्राच्या झाल्या होत्या. पुढें दोनच वर्षांनीं, १९५२ मध्यें, या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

मुंबईंत हें घडत होतें तेव्हां निलंगा तालुका बिदर जिल्ह्यांत, हैदराबाद राज्यांत होता. निजामाच्या राजवटींतलें मनोरुग्णांचें इस्पितळ जालन्यास होतें, तेंही १९५३ सालीं हैदराबादेस गेलें. १९५६ मध्यें भाषेप्रमाणें प्रांत पाडतांना निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके मराठी मुलुखांत आले, आणि १९८२ मध्यें लातूर जिल्हा झाला. परंतु महाराष्ट्राचीं जुनीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें आहेत. मराठवाड्याच्या वांट्याला त्यांतलें एकही आलें नाहीं. त्यामुळें या भागांतील रोग्याला येरवड्यास नेणें म्हणजे दोनशें मैलांहून अधिक प्रवास, बुडालेली मजुरी, आणि गांवांत सतरा जणांच्या सतरा प्रश्नांना उत्तरें. त्याची पारख झालीच तर ती परक्या गांवीं, परक्या भिंतींच्या आंत होते.

आणि खरी अडचण येथेंच आहे. रुग्णालयांतील स्वयंपाकघरांत ओटा असतो, गॅस असतो, नळ असतो. जिनें जन्मभर चुलीपुढें पाटावर बसून स्वयंपाक केला तिला तेथें उभें केलें तर ती गोंधळेल, आणि तो गोंधळ रोगाच्या खात्यावर मांडला जाईल. उलट एखादी तेथें नीटनेटकी भाकरी करून दाखवील. कारण पीठ कोणी काढून दिलें आहे, वेळ कोणी ठरवून दिली आहे, आणि समोर कोणी बसून पाहत आहे. घरीं गेल्यावर पीठ दळून आणण्यापासूनचा विचार तिलाच करावा लागेल. तेथें ती कोलमडून पडली तर दोष कोणाचा? करतां येणें आणि रोज करणें या दोन गोष्टींत फार मोठें अंतर आहे. मनाच्या आजारांत हातांतलें कसब पुष्कळदां शाबूत राहतें. नाहींशी होते ती कामाला हात घालण्याची प्रेरणा.

बाहेरच्या देशांत तयार झालेलीं मापें वापरतांना तर डोळे विशेष उघडे ठेवावे लागतात. क्लॉडिया ॲलन या अमेरिकन विदुषीनें एक चाचणी बसविली आहे. चामड्याच्या तुकड्याच्या कडेला भोंकें पाडलेलीं असतात. त्यांतून दोरी ओवून तज्ज्ञ एकामागून एक अवघड असे तीन प्रकारचे टांके घालून दाखवितो व रोग्यानें ते पाहून घालावयाचे असतात. त्यावरून त्याची समज कोणत्या पायरीवर आहे याचा अंदाज बांधतात. चाचणी चतुर आहे यांत संशय नाहीं. पण त्यांतला पहिला टांका म्हणजे आपला साधा धांवदोरा. निलंग्याकडच्या म्हातारीनें आयुष्यांत किती गोधड्या शिवल्या असतील! तिची बोटें तो टांका झोपेंतही घालतील. आणि ज्या गड्यानें सुई कधीं हातांत धरली नाहीं, तो चांगला शहाणा असूनही तेथें अडखळेल. लॉटन व ब्रॉडी यांनीं १९६९ सालीं दिलेलें माप घरगुती व्यवहारांसाठीं जगभर वापरलें जातें. त्यांत स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणें यांचे गुण पुरुषांच्या बाबतींत मुळीं धरीतच नसत! म्हणजे माप देतांना अमेरिकेंतही कोणी तरी घरांतली कामवांटणी गृहीत धरलीच होती. तेव्हां मापें टाकून द्यावींत असें नव्हे. मापाच्या आंत कोणाचें घर लपलें आहे तें आधीं पाहावें, इतकेंच.

भोंवतालच्या वस्तूंवर माणसाचें वागणें किती अवलंबून असतें, याचा दारुण पडताळा याच मुलुखाला एकदां आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील दगडमातीचीं जाड भिंतींचीं घरें त्यांच्या मातीच्या माळवदांसह निजलेल्या माणसांवर कोसळलीं आणि सुमारें आठ हजार जीव गेले. जे वांचले त्यांच्यापैकीं कित्येक पुढें महिनोन् महिने छताखालीं निजावयास तयार नव्हते. त्यांना आजारी म्हणावें काय? ज्या स्त्रीची चूल, तवा, परात, जातें सारें ढिगाऱ्याखालीं गेलें आहे आणि जिच्यापुढें मदतीचें शिजलेलें अन्न दोन वेळां येऊन पडतें, तिच्या नांवापुढें ‘स्वयंपाक करीत नाहीं’ असें लिहिलें तर तें वाक्य खरें असूनही खोटें ठरतें. मागाहून बावन्न गांवें नव्यानें वसविण्यांत आलीं. जुन्या गांवांत भिंतीला भिंत लागलेली असे; नव्या गांवांत रुंद सरळ रस्ते व त्यांच्या कडेला एकसारखीं सुटीं घरें आलीं. शेजारणीकडे विस्तव किंवा विरजण मागावयास जाणारी बाई आतां घराबाहेर पडेनाशी झाली, तर तिच्या उदासपणाचा वांटा किती आणि त्या रस्त्याच्या रुंदीचा वांटा किती, हें घरीं बसून, रस्त्यानें तिच्याबरोबर चालून पाहिल्याखेरीज कोण सांगणार? पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनें डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखालीं भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अनेक वर्षें अभ्यास केला. असे अभ्यास एका दिवसाच्या भेटींत होत नाहींत, हेंच त्यांतलें मर्म होय.

भूकंप हा अपवाद. रोजच्या पारखीकडे वळूं जातां तिचें दुसरें टोंक सरकारी कचेरींत असतें. भारतांत मानसिक आजाराचें अपंगत्व मोजण्यासाठीं भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें ‘आयडियाज’ नांवाचें माप तयार केलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालीं २०१८ सालीं निघालेल्या सूचनांत तेंच धरलें आहे. त्याचीं सदरें चार : स्वतःची निगा, माणसांशीं संबंध, बोलणें व समजणें, आणि काम. यांत गृहिणीचें घरकाम व विद्यार्थ्याचा अभ्यास हींही काम म्हणूनच गणलीं जातात, ही या मापाची मोठी सुधारणा मानावी लागेल. प्रत्येक सदराला शून्यापासून चारपर्यंत गुण, त्यांत आजाराच्या मुदतीचे एक ते चार गुण मिळवावयाचे, बेरीज विसांपैकीं. ती सातावर गेली म्हणजे अपंगत्व चाळीस टक्के, आणि चाळीस टक्के म्हणजे संजय गांधी निराधार अनुदानासारख्या योजनांचें दार उघडें.

आतां निलंगा तालुक्यांतील तीस-बत्तीस वर्षांच्या एखाद्या बाईची कल्पना करावी. आजार तीन वर्षांचा, म्हणून मुदतीचे गुण दोन. चारही सदरांत तिला एकेक गुण दिला तर बेरीज सहा, अनुदान नाहीं. कामाच्या सदरांत एकाच्या जागीं दोन लिहिले तर बेरीज सात. सारा संसार त्या एका आंकड्यावर टांगलेला. हा हिशेब थोडा निष्ठुरच म्हटला पाहिजे, पण रेषा कोठें तरी ओढावी लागते. म्हणूनच ती ओढणाऱ्याची माहिती पक्की हवी.

ही माहिती मिळते कोठून? बहुधा सासूकडून. ‘समदं मीच करते बाई, तिला कुठं जमतंय,’ असें सासू म्हणते, आणि कागदावर तिसरा किंवा चौथा गुण पडतो. पण तिनें सुनेला चुलीजवळ जाऊं देऊन किती दिवस झाले, हें विचारलें कीं ती गप्प होते. भाजेल, पोळेल, लोक काय म्हणतील, या भयानें घरानें तिच्या हातचें काम काढून घेतलेलें असतें. तिला येत नाहीं, ती करीत नाहीं, आणि तिला करूं देत नाहींत, या तीन निराळ्या स्थिति आहेत. तिन्हींचा उपायही निराळा. चौथीही एक आहे. कांहीं औषधांनीं हात थरथरतात, अंग जड होतें. मग थापतांना भाकरी मोडते. तो दोष समजुतीचा नव्हे, मात्रेचा. तो डॉक्टरांना कळविल्यावर सुटूं शकतो. याच्या उलट, आईच्या घरीं आलेली मुलगी सारें नीट करतांना दिसते, परंतु प्रत्येक पायरीला आई मागून ‘आतां उलट, आतां काढ’ म्हणत असते. तिला शून्य गुण देऊन धाडलें तर तिचें अनुदान जातें आणि आई गेल्यावर ती उघड्यावर पडते.

म्हणून जाणता तज्ज्ञ ‘तुम्हांला स्वयंपाक येतो का’ असें विचारीत नाहीं. ‘ताई, काल सकाळीं उठल्यापासून काय काय झालं, तें सांगा,’ असें म्हणून तो कालचा दिवस तासातासानें उलगडून घेतो. कालचा दिवस खोटा सांगणें कठीण असतें. मग प्रत्यक्ष काम पाहतो. किती वेळां आठवण करून द्यावी लागली, किती वेळां हात धरावा लागला, धोक्याची जाणीव होती कीं नाहीं, चूक झाली तर ती तिची तिला दिसली कीं दाखवावी लागली, हें टिपून ठेवतो. शक्य तर तो त्यांच्याच घरीं, त्यांच्याच चुलीपुढें बसतो. एका तज्ज्ञाला दिवसांतून अशीं किती घरें होणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु गांवोगांव फिरणाऱ्या आशाताईंना यांतले दोन-चार प्रश्न शिकवितां येतील, आणि ज्याचा निकाल सहा कीं सात असा अडून बसला असेल त्याच्याच घरीं तज्ज्ञानें जावें, अशी वांटणी अशक्य नाहीं.

कल्पनेंतल्या त्या बाईच्या घरीं महिन्या-दीड महिन्यानें पुनः जावें. पहिल्या खेपेला एका भाकरीमागें सहा वेळां सांगावें लागलें असेल, आतां कदाचित् दोन वेळां लागेल. तें दोनच लिहावें, दयेनें एक लिहूं नये. भाकरी जमूं लागली म्हणजे पुढची पायरी आठवडी बाजाराची. पन्नास रुपये, आणावयाच्या तीन जिनसा, आणि परत आणावयाची मोड. ती कोणत्या दुकानीं थांबते, भाव विचारते का, मोड मोजून घेते का, गर्दींत घाबरून परत फिरते का, हें दुरून पाहावें. सासूनें मात्र तिच्या मागोमाग चालूं नये, एवढें आधीं बजावून ठेवावें लागतें.